जुना फोन अम्मीला, नवा हप्त्यावर

ईद जवळ आली की आपल्या घरांत याद्या होऊ लागतात. कपड्यांची एक, शीरखुर्म्याच्या सामानाची एक, फितऱ्याचा हिशेब वेगळा. अलीकडे त्यात आणखी एक बाब शिरली आहे. ती कोणी लिहून ठेवत नाही. कॉलेजात जाणारा मुलगा ती जेवताना हळूच काढतो. "अब्बा, माझा फोन हँग होतोय." या वाक्याचा अर्थ भिवंडीतल्या बापांना आता कळू लागला आहे. फोन हँग होतोय म्हणजे मित्राने नवा घेतला आहे.

मुलांचीच थट्टा करावी असे मात्र नाही. ज्या कारखानदाराच्या शेडमध्ये त्याच्या वडिलांच्या वेळचे माग अजून धडधडत आहेत, त्याच्या खिशातला फोन दर दीड-दोन वर्षांनी बदलतो. आम्हाला याचे फार नवल वाटते. कारण भिवंडी हे गावच दुरुस्तीवर उभे राहिले आहे. इथल्या कितीतरी शेडमध्ये गिरण्यांनी काढून टाकलेले माग जुने म्हणून आले आणि इथल्या हातांनी ते पुढे वर्षानुवर्षे चालवले. माग बंद पडला तर कोणी नवा माग आणायला निघत नाही, जॉबरला हाक मारतात. तो येतो, कान देऊन आवाज ऐकतो, एखादा पट्टा, एखादी स्प्रिंग बदलतो आणि माग पुन्हा चालू. याच गावात फोन जरा मंदावला की आपण दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी मोबाइलवर नव्या मोबाइलच्या किमती पाहायला बसतो.

फोन का मंदावतो हे थोडे समजून घेऊ. पहिले कारण बॅटरी. आजच्या फोनमधली लिथियमची बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजत असते. शंभर टक्के चार्ज वापरून झाला की तिचे एक आवर्तन पूर्ण होते. अ‍ॅपल कंपनीच स्वतःच्या आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांबद्दल सांगते की ५०० आवर्तनांनंतर बॅटरीची ताकद मूळच्या ८० टक्के राहील अशी ती बनवली आहे. आयफोन १५ पासून हा आकडा १००० सांगितला जातो. रोज एक पूर्ण चार्ज वापरणाऱ्याची ५०० आवर्तने दीड वर्ष भरण्याआधीच होतात. आपल्याला दीड-दोन वर्षांनी फोन "थकल्यासारखा" वाटतो, तो हाच काळ. थकलेली असते बॅटरी. आपण बदलतो फोन. बॅटरी बदलायला लागणारा खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळ असतो, आणि काम बहुतेक वेळा एका बैठकीत होते.

दुसरे कारण भरलेली जागा. खानदानाचा एक ग्रुप, मोहल्ल्याचा एक, शाळेचा एक, माहेरचा एक. प्रत्येकावर रोज सकाळी सलामची चित्रे, जुम्याच्या मुबारकबादचे व्हिडिओ, निकाहचे शंभर-शंभर फोटो. ते सगळे आपोआप फोनमध्ये उतरतात आणि तिथेच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा, तिथे 'मॅनेज स्टोरेज' आहे. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते दिसते. आपोआप उतरणे बंद करण्याची सोयही तिथेच आहे. हे काम करायला अर्धा तास पुरतो, आणि मुलांना ते आपल्यापेक्षा चांगले येते.

तिसरे कारण आमच्या गावाचे खास. कपड्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या खिशातल्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात सुताचे बारीक तंतू जाऊन बसतात. दिवसामागून दिवस दाबून दाबून त्यांची गादी होते. मग पिन नीट बसत नाही, चार्जिंग कधी होते, कधी होत नाही. माणूस म्हणतो, "फोन गेला." दुरुस्तीवाला बारीक चिमट्याने ती गादी काढतो, ब्रश मारतो, फोन चार्ज होऊ लागतो. घरी सुईने कोरायचा उद्योग करू नये, आतल्या पिना वाकतात. स्पीकरच्या जाळीचेही हेच. आवाज बसला की बहुतेकदा जाळीत धूळ आणि तंतू बसलेले असतात.

हे तिन्ही रोग ज्याच्याकडे बरे होतात तो माणूस साधारण चार बाय सहाच्या टपरीत बसतो. समोर भिंग लावलेला दिवा, हातात तापलेली सोल्डरिंगची काडी, बाजूला डब्यांत सुटे केलेले फोन. तो आपल्याला तोंडावर सांगू शकतो, "भाभी, याला काही झालं नाही, अजून दोन वर्षं चालेल." हे वाक्य कोणत्याही अ‍ॅपवर ऐकू येणार नाही. अ‍ॅपला आपल्याला विकायचेच असते. आमच्या मते फोनच्या दुकानाचे खरे मोल इथे आहे. नवे विकण्याच्या धंद्यात असूनही कधी कधी "घेऊ नका" म्हणणारा माणूस तिथे भेटतो.

पण सगळेच जुने फोन चालवत राहावेत असेही आम्ही म्हणणार नाही. एका बाबतीत फोन खरोखर म्हातारा होतो आणि ती बाब काचेवर दिसत नाही. फोन बनवणारी कंपनी काही वर्षे सुरक्षेचे अपडेट पाठवते, म्हणजे चोरवाटा सापडतील तशा बुजवत राहते. ते बंद झाले की फोन चालतो, पण दार उघडे राहते. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. सॅमसंगच्याच स्वस्तातल्या ए १६ फाइव्ह-जीला सहा वर्षे सांगितली गेली. बाकी बहुतेक स्वस्त फोनांना याहून बरीच कमी मिळतात. दुकानात उभे राहून आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारतो. विचारायचा प्रश्न असा: "अपडेट किती वर्षं येतील?" घरातल्या फोनवर शेवटचे अपडेट कधीचे आहे तेही सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या आसपास तारखेसकट पाहता येते.

आता घरातली गोष्ट. फोन आपल्या घरांत पाण्यासारखा उतारावर वाहतो. नवा फोन मुलाकडे किंवा अब्बांकडे. त्यांचा जुना मोठ्या मुलीकडे. तिचा जुना धाकट्याकडे, गेमसाठी. आणि सगळ्यात शेवटचा, कोपऱ्यात तडा गेलेला, बॅटरी दुपारी संपणारा, अपडेट बंद झालेला फोन अम्मीकडे. "अम्मीला काय करायचंय, कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप!" असे म्हणून सगळे मोकळे होतात.

अम्मीला काय करायचे असते ते जरा मोजून पाहा. घराचा गॅस त्याच फोनवरून नोंदवला जातो. धाकट्याच्या शाळेचे निरोप तिथेच. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये ज्या खात्यात येतात, त्या खात्याचा ओटीपी त्याच फोनवर. २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी करावी लागली तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवरच्या ओटीपीसाठी किती बायकांनी तडा गेलेल्या काचेतून आकडे वाचले असतील! म्हणजे घरातला सगळ्यात असुरक्षित फोन आपण अशा व्यक्तीच्या हाती देतो, जिच्याकडे स्वतःच्या हक्काचे पैसे येतात आणि जिला फसवणाऱ्यांच्या युक्त्या कोणी समजावून सांगितलेल्या नसतात. जिची नजर कमी झाली आहे तिला अंधूक स्क्रीन, जिला ऐकू कमी येते तिला बसलेला स्पीकर. एका भगिनीने आम्हाला सांगितले की त्यांच्या फोनवर 'बँकेतून बोलतोय' असा कॉल आला तेव्हा काच इतकी फुटली होती की नंबरच नीट दिसला नाही. त्यांनी फोन ठेवून दिला म्हणून वाचल्या. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. हा क्रमांक अम्मीच्या फोनमध्ये नावासकट भरून ठेवावा, आणि यंदा घरात एकच नवा फोन येणार असेल तर तो उताराच्या दुसऱ्या टोकाला द्यावा. मुलाच्या फोनला नवी बॅटरी पुरेल.

नवा फोन घ्यायचे ठरलेच तर कुठून घ्यावा? येथे भिवंडीकरांची परिस्थिती मोठी मजेची आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ या बाजूंनी गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या पत्र्यांचा समुद्र दिसतो. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांची मोठी गोदामे भिवंडी तालुक्यात आहेत. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरताना जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी, माल साठवायला सुरुवात केली. ती जकात नाक्यावरची, आपली जकात नव्हे, जरी शब्दाचे मूळ एकच असले तरी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. सणांच्या सेलच्या दिवसांत या गोदामांत तात्पुरती माणसे घेतात. आपल्या मोहल्ल्यातली पोरे तिथे रात्रपाळीला खोकी भरतात आणि त्या पगाराच्या भरवशावर तसलाच फोन हप्त्याने मागवतात.

म्हणजे फोन आपल्या गावाच्या वेशीवरून निघतो आणि धामणकर नाक्यावरच्या, तीन बत्तीच्या दुकानांवरून पुढे आपल्या दारात येतो. मधल्या दुकानदाराच्या हाती काही लागत नाही. त्यातून एक वाईट सवय पडली आहे. गिऱ्हाईक दुकानात जाते, फोन हातात घेते, वजन पाहते, फोटो काढून पाहते, दुकानदाराकडून सगळी माहिती घेते, "सांगतो नंतर" म्हणून बाहेर पडते आणि पायरीवर उभे राहून अ‍ॅपवर मागवते. दुकानाचे भाडे, दिव्याचे बिल, नोकराचा पगार, हे सगळे त्या पंधरा मिनिटांत खर्च झालेले असते. घासाघीस जरूर करावी, अ‍ॅपवरची किंमत दाखवून "यात देता का?" असेही विचारावे, पुष्कळदा दुकानदार देतो, किंवा थोडे वर घेऊन कव्हर आणि काच लावून देतो. पण घ्यायचेच नसताना त्याला राबवून घेणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

किंमतीचा सगळा खेळ सरळ आहे असेही नाही. काही मॉडेल फक्त ऑनलाइनच मिळतात, दुकानदाराला ती दिलीच जात नाहीत, ही छोट्या विक्रेत्यांची जुनी तक्रार. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या व्यवहारांची चौकशी करायचा आदेश दिला. आयोगाच्या तपास अहवालात काही फोन कंपन्यांनी अशा 'फक्त इथेच' विक्रीत हात मिळवल्याचे म्हटले असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. ऑनलाइन कंपन्यांनी गैरप्रकाराचा आरोप नाकारलेला आहे. निकाल काय लागायचा तो लागो. दुकानात एखादे मॉडेल नसेल तर दुकानदार मागासलेला आहे असा अर्थ लगेच काढू नये.

आपल्या फिकहमध्ये यासंबंधी एक फार सुंदर कलम आहे, त्याची आठवण येथे होते. न पाहता वस्तू घेतली, तर ती पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा याचा हक्क हनफी मसलकात खरेदीदाराला दिला आहे. त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. वस्तूत ऐब निघाला, म्हणजे आधी न सांगितलेला दोष निघाला, तर परत करण्याचा हक्क वेगळा, तो खियार-ए-ऐब. शाफई मसलकात तर न पाहिलेल्या वस्तूच्या सौद्याबाबत भूमिका याहून कडक आहे. भिवंडीत मोमीन घरे हनफी आणि कोकणी घरे शाफई, तेव्हा दोन्ही बाजूंनी विषय घरचाच. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकिहांना माहीत होते की डोळ्यांनी पाहून घेणे ही खरेदीदाराची गरज आहे आणि ते टाळले गेले तर परतीची वाट ठेवली पाहिजे. आजच्या कायद्यातही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण फोनच्या बाबतीत पैसे परत मिळण्याऐवजी 'बदलून देऊ' एवढेच पुष्कळदा लिहिलेले असते. मागवण्यापूर्वी ती बारीक अक्षरे वाचावीत. खोके उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढून ठेवावा.

एवढे दुकानांचे गुणगान केल्यावर त्यांच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर वाचक म्हणतील आमचा कोणी भाऊ मोबाइलवाला आहे. पहिली खोड बिलाची. "बिल पाहिजे तर जास्त लागतील" हे वाक्य अजून ऐकू येते. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ होता. फोनवर छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो. पक्के बिल नसेल तर वॉरंटीला अडचण, चोरी झाली तर अडचण, आणि पुढे विकताना घेणारा संशय घेतो. बिलावर फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिला आहे ना, तेही तिथेच उभे राहून ताडावे. दुसरी खोड स्क्रीनची. कॉपी स्क्रीन लावून ओरिजिनलचे पैसे घेणारे आहेत. कॉपी लावणे गुन्हा नाही, गरिबाला तीच परवडते. पण सांगून लावावी. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढून दाखवल्याची हदीस आपल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असते. फोनच्या आतही ढीगच असतो. तिसरी गोष्ट खोड नाही, माहिती आहे. कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला हसतमुख मुलगा त्या कंपनीच्या पगारावर असतो. त्याला त्याच्या कंपनीचा फोनच चांगला वाटणार. सल्ला मालकाला विचारावा, आणि "तुमच्याकडे दुरुस्तीला सगळ्यात जास्त कोणता फोन येतो?" असा उलटा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर मनोरंजक येते.

आता हप्त्याकडे वळू, कारण खरी नड तिथे आहे. काउंटरवर फोनशेजारी फायनान्सवाल्याचे टेबल असते. आधार, पॅन, एक फोटो, दहा मिनिटे, फोन हातात. "नो कॉस्ट, भाईजान, एक पैसा व्याज नाही." सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना पत्रक पाठवून बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांत ते व्याज बहुतेकदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते. आजच्या 'नो कॉस्ट'मध्ये व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवतात आणि मग व्याज लावतात. कागदावर व्याज असतेच. एक हिशेब करून पाहू. समजा फोन १८,००० चा. नऊ हप्ते, दर महिना २,०००. प्रक्रिया शुल्क ५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. एकूण १८,५९०. तोच फोन रोखीने घेतला असता दुकानदाराने दीड हजार सोडले असते असे धरा, म्हणजे १६,५००. फरक २,०९० रुपयांचा. त्याला कोणी व्याज म्हणो, कोणी शुल्क म्हणो, खिशातून तेवढे गेले. हप्ता चुकला की दंड वेगळा, आणि काही ठिकाणी फोनमध्ये असे अ‍ॅप घातलेले असते की हप्ता थकताच फोनच बंद पडतो. रोजंदारीवरच्या माणसाचा फोन बंद म्हणजे कामाचा निरोपही बंद.

आपल्या वाचकांपुढे यात सूदचा प्रश्नही उभा राहतो. दुकानदाराने स्वतः उधारीवर माल दिला, उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त सांगितली, पण सौदा होतानाच ती एकदा पक्की ठरली आणि उशीर झाला तरी वाढली नाही, तर असा व्यवहार बहुसंख्य फुकहांनी जायज मानला आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीनेही १९९० मध्ये तसाच निर्णय दिला. तिसऱ्या कंपनीकडून कर्ज घेऊन त्यावर व्याज आणि चुकल्यास दंड भरणे ही बाब वेगळी आहे. कोणता कागद कोणत्या प्रकारात मोडतो ते आपापल्या मसलकाच्या आलिमांना दाखवून विचारावे, आणि ते सही करण्यापूर्वी विचारावे. सही झाल्यावर विचारायला येणाऱ्यांची संख्या आलिम मंडळींकडे कमी नसते.

आणि आपल्याकडे भिशी आहे ना! दहा-बारा बायका, दरमहा ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला एकत्र पैसे. लिलावाची भिशी सोडली तर तिच्यात व्याज नाही, शुल्क नाही, आधारचा फोटो नाही. एका घरात भिशीच्या पैशातून अम्मीने स्वतःचा फोन रोखीने घेतल्याचे आम्हाला ठाऊक आहे. दुकानदाराने रोखीचे पाहून हजार रुपये सोडले आणि जुन्या फोनमधले नंबर, फोटो नव्यात घालून दिले. बसून, चहा पाजून.

ज्यांना नवा परवडत नाही ते जुना घेतात, त्यात लाज नाही. पण जुना घेताना दोन मिनिटे द्यावीत. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला, तर तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे पाहता येते. ते मे २०२३ मध्ये सुरू झाले. आपला फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून तिथूनच तो देशभर बंद करता येतो. चोरीचा फोन स्वस्तात घेणाऱ्याला तो चोरीचा आहे हे माहीत नव्हते असे म्हणून सुटका होईलच असे नाही. रस्त्यात उभे राहून "बिल हरवलंय" म्हणणाऱ्याकडून घेण्यापेक्षा ओळखीच्या दुकानातून, बिलावर, पाचशे रुपये जास्त देऊन घेतलेला बरा.

भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. दुरुस्तीला फोन टाकायचा म्हणजे त्यातले घरचे फोटो परक्याच्या हाती जायचे, या धास्तीने कितीतरी बायका फुटका फोन तसाच वापरतात. ही धास्ती खोटी नाही. म्हणूनच ओळखीचे दुकान, जिथे समोर बसून काम करून घेता येते, त्याचे मोल बायकांना पुरुषांपेक्षा जास्त कळते. याशिवाय सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत 'मेंटेनन्स मोड' आणि गुगलच्या पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो चालू करून फोन दिला की दुरुस्तीवाल्याला फोन चालवून पाहता येतो, पण फोटो, मेसेज, नंबर दिसत नाहीत. आपल्या फोनमध्ये ही सोय नसेल तर आधी सगळे दुसरीकडे उतरवून फोन कोरा करून द्यावा. पासवर्ड कागदावर लिहून फोनला चिकटवून देण्याची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे. फोन विकताना किंवा दुसऱ्याला देतानाही आधी गुगल खाते काढून तो कोरा करावा.

सुटे भाग मिळाले तरच दुरुस्ती. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनांना नियम लावला की बॅटरी किमान ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के ताकद राखणारी हवी आणि महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल उघडले. त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती मिळते, सक्ती नाही. तोवर आपल्या टपरीवाल्याचा डबाच आपले सुट्या भागांचे गोदाम. आणि तो डबा भरतो आपल्या कपाटातून.

प्रत्येक घरात एक खण असतो. त्यात दोन-तीन मेलेले फोन, चार चार्जर, एक हेडफोनचा गुंता. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले. ते फोन कोरे करून दुरुस्तीवाल्याला द्यावेत. एकाची स्क्रीन, दुसऱ्याचा स्पीकर कोणा हातमजुराच्या फोनला लागेल, आणि दुकानदार थोडेफार पैसेही देईल. मात्र त्यातला एखादा फोन मध्येच फुगलेला, मागचे झाकण उचललेला दिसला तर तो दाबून बसवू नये, चार्जिंगला लावू नये, कचऱ्यात टाकू नये. फुगलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. कपड्यांपासून आणि मुलांच्या हातापासून दूर, मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवून त्याच दिवशी दुकानात पोचवावी. ईदच्या साफसफाईत हा खण आधी उपसावा, पडदे नंतर धुतले तरी चालतील.